दहापैकी चार गुण आणि गवळाऊ वळू

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या खोलीत, जाड काचेच्या पडद्याचा आणि उन्हानं पिवळा पडलेला एक जुना संगणक पडून आहे. तो मी. मित्रांनो, आता बोलायचंही त्राण नाही, तरी एवढं ऐकाच.

नागपूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला घडवलं. दोन हजार एक साली दुकानमालक भूपेंद्रनं मला गोधडीत गुंडाळून एसटीनं इथं आणलं. बारावीचा निकाल पाहायला पोरं माझ्यापुढे रांग लावत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे.

पुढे भूपेंद्र वेबसाइट बनवायला शिकला. एक दिवस पवनारचे वासुदेवराव आले. त्यांच्याकडे गवळाऊ जातीची शेवटची गाय उरली होती. आसपास त्या जातीचा वळू कुणाकडे असल्याचं त्यांना माहीत नव्हतं आणि गायीचं वय होत चाललं होतं. साइट पाहून कुण्या वळूवाल्याचा फोन येईल, एवढीच त्यांची आशा.

भूपेंद्रनं साइट बनवली. ओळखीच्या पंधरा-वीस साइटांवर तिचा दुवा, म्हणजे लिंक, टाकून घेतला. माझ्या पडद्यावर एक पट्टी होती, ती प्रत्येक साइटला दहापैकी गुण दाखवायची. आपल्या साइटला चार मिळाले. भूपेंद्र येईल त्याला ते दाखवत सुटला.

पण फोन काही येईना. शेवटी वासुदेवराव दुकानात येऊन बसले.

"काऊन रे भूपेंद्र, कोणालेच दिसून नाई राह्यली का आपली साइट?"

भूपेंद्रनं 'गवळाऊ वळू' लिहून शोधलं. पहिल्या पानावर आपली साइट नव्हतीच. सर्वांत वर अल्लीपूरच्या वर्षालीचं साधंसं पान होतं, आणि पट्टीवर त्याचे गुण शून्य. मीच बिघडलो असं वाटून त्यानं मला बंद करून पुन्हा सुरू केलं, डोक्यावर दोन थापाही मारल्या. मी दमून तेच उत्तर दिलं.

मग त्यानं ते पान उघडलं. वर्षालीनं आपले वडील तानबा यांच्या वळूबद्दल लिहिलं होतं. त्याचं वय, त्याची शिंगं, जात कशी ओळखायची, फोन नंबर, सगळं साध्या शब्दांत. भूपेंद्रनं आपलं पान शेजारी उघडून ताडून पाहिलं.

"काकाजी, चूक माही हाये. आपल्या साइटवर गवळाऊ हे नाव फोटोतच हाये. शोधणाऱ्या यंत्राले फोटोतलं वाचता येत नाई. अन् हे गुण म्हणजे दुसऱ्या साइटा आपल्याकडे किती बोट दाखवते, तेवढंच. विचारलं त्याचं उत्तर कोणापाशी हाये, ते पट्टी पाहतच नाई."

"मले गुण कायले पायजे? मले वळू पायजे. लाव तो नंबर."

फोन वर्षालीनं उचलला. "बाबा त्याले उद्या बाजारात नेऊन राह्यले. यायचं असन तं आजच येजा."

दोघं तसेच मोटारसायकलवर अल्लीपूरला गेले. सौदा झाला, वळू पवनारला आला. पुढच्या वर्षी वासुदेवरावांनी दुकानात पांढऱ्याशुभ्र कालवडीचा फोटो आणला. भूपेंद्रनं साइट नव्यानं लिहिली, आता ती शोधात वर दिसू लागली. गुण मात्र चारच राहिले. त्या गुणांकडे पाहणं त्यानं सोडून दिलं होतं.

नंतर पातळ पडद्याचे संगणक आले आणि मला इथं सरकवलं. आता माझ्यावर रिकामी खोकी रचतात. कुणाचा राग नाही. मित्रांनो, कुणावर एखादा आकडा चिकटलेला दिसला, तर तो कशाचा आहे हे आधी विचारा. आणि मला भंगारात द्यायचंच असेल, तर आतल्या तारांमधल्या तांब्यासाठी उघड्यावर जाळू देऊ नका. माझ्या धुरात विष आहे, आणि वस्तीत लहान लेकरं खेळतात.