तळहात

कोरियातल्या थोंगयंगच्या बंदरावर उभा जन्म कालवं फोडण्यात घालवलेली कप्सुन म्हातारी मोठ्या इस्पितळातून घरी आली आणि चपला काढता काढताच लेकीला म्हणाली, "हेरान, माझा जायचा फोटो काढून टाक."

जायचा फोटो म्हणजे अंत्यविधीला पांढऱ्या शेवंतीत ठेवतात तो. गावातल्या बायका तो आधीच काढून ठेवत. त्यानं आयुष्य वाढतं म्हणत. कप्सुनचं वाढणार नव्हतं. डॉक्टरांनी ते हेरानला सांगितलं होतं, आणि हेराननं न सांगताच आईला कळलं होतं.

"स्टुडिओत जाऊ या की, आई."

"स्टुडिओनं तुझ्या बाबांचं काय केलंय ते बघ."

हेराननं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. बाबा बोटीसकट बुडाले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातला. स्टुडिओनं त्यातलं डोकं उचललं आणि खाली कोट-टाय चिकटवला. दर वर्षी श्राद्धाला कप्सुन त्या टायसमोर भात वाढायची.

"परक्या बाप्याला जेवू घातल्यासारखं वाटतं गं. माझं तसं नको. मी मीच दिसले पाहिजे."

आईनं राखाडी हानबोक, ठेवणीतला पारंपरिक पोशाख, घातला, केस चापून बसवले. हेराननं सोयासॉसच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. पहिल्या फोटोत सुरकुत्या गुळगुळीत, गाल गुलाबी.

"ही कोण? तुझी धाकटी बहीण?"

हेराननं चेहरा उजळवणारी सोय बंद केली. मग मागचं धूसर करून बघितलं, तर कानच धूसर झाले. सगळं बंद केलं. पण फोन खटक् म्हणायच्या आत आईचा चेहरा पोलिसचौकीत बसवल्यासारखा व्हायचा.

"जरा हस ना."

"मेल्यावर हसू? लोक काय म्हणतील!"

"मग निदान श्वास तरी घे!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी आई दमली. ओठ निळसर झाले होते. तिनं तळहात वर केला. "पुरे. राहू दे आता."

उद्या आई उठून बसू शकेल की नाही, कोण सांगणार होतं?

हात खाली सोडून आई भिंतीकडे वळली आणि टायवाल्याला म्हणाली, "बघितलंत? तुमचीच लेक. एक काम धड येत नाही."

खटक्.

दोघी दचकल्या. फोनला तळहात दाखवला की थोडं थांबून तो आपोआप फोटो काढतो, हे हेरान पार विसरली होती. आईनं नको म्हणून केलेला हात फोनला हो वाटला होता.

फोटोत आईचं तोंड अर्धवट उघडं होतं, एक बट सुटलेली. डोळे बाजूला लागलेले. नवऱ्याला जेवायला हाक मारताना ती अशीच दिसायची. हेरानला ते एकदम आठवलं.

"समोर बघत नाहीयेस गं. नातेवाईक नावं ठेवतील."

"ठेवू देत."

आईनं फोन हातात घेतला. भिंतीला धरत उठली. तो बाबांच्या एका बाजूला धरून बघितला, मग दुसऱ्या.

"इकडे," ती म्हणाली. "म्हणजे मी त्यांच्याकडे बघेन. तो टायही मग चालेल."

मग तिनं हातोडी मागितली. हेराननं खिळा धरला, आणि आईनं थांबत थांबत तो स्वतः ठोकला.

अंत्यविधीतली शेवंती सुकल्यावर हेरानला फ्रेम फक्त त्या खिळ्याला अडकवायची उरली.