मालक नागपूरला असतात

मित्रांनो, नाचणगावातल्या एका दोन खोल्यांच्या घराचा जुना सागवानी दरवाजा तुमच्याशी बोलतो आहे. रंगाचे थर चढून चढून माझी नक्षी बुजली आहे. वरची कडी अधूनमधून रुसून बसते. पूर्वी मला बरंच काही वाटायचं. आता फारसं वाटत नाही.

माझं लाकूड हिंगणीकडच्या जंगलातलं. चंद्रभान सुतारानं मला मनापासून घडवलं. चौकटीत उभा केल्यावर माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "आता हलत नाई हा." खरंच, मी जागचा हललो नाही. हलली ती माणसं. घर बांधणारं कुटुंब अमरावतीला गेलं आणि चौऱ्याहत्तर साली घर विकायला निघालं.

ते हरिदासनं घेतलं. हरिदास पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत हेडक्लार्क होता. राहायला सरकारी क्वार्टर होतं, पगारही चांगला होता. पण पहिल्या तारखेचा पगार धाकट्या भावाच्या कॉलेजात आणि आईच्या औषधात जिरून जायचा. शिल्लक नावालाच. म्हणून घर भाड्यानं द्यायचं आणि भाड्यातून हप्ते भरायचे, असं त्यानं ठरवलं. इसारासाठी त्याच्या बायकोनं, सुलोचनानं, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. बाकीचं सोसायटीचं कर्ज. हप्ते थकले की घर जाणार आणि पाटल्याही गेल्यातच जमा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हरिदास बौद्ध. नोकरीच्या सुरुवातीला तो खोली शोधत पुलगावभर फिरला होता. लोक आधी आडनाव विचारायचे, मग खोली नुकतीच दिली म्हणायचे. त्यामुळे आपल्या घराच्या भाडेकरूला आडनाव विचारायचं नाही, असा त्याचा निश्चय होता. भोळा माणूस! भाडेकरूही मालकाचं आडनाव विचारतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

लोक येत. खोल्या बघत, विहिरीचं पाणी चाखून बघत, माझ्यावर हात फिरवून "अस्सल सागवान" म्हणत. मग विचारत, "घर कोनाचं?" उत्तर ऐकलं की "घरी विचारून सांगतो" म्हणून जात ते जातच. मला कुलूपच राहिलं. हप्ते पगारातून जाऊ लागले आणि भावाची फी अडली.

शेवटी शेजारच्या डोमाजी पानवाल्यानं तोड काढली.

"हरिदासभाऊ, घर झ्याक हाये. नाव आडवं येऊन राह्यलं."

"मंग काय करू?"

"मालक नागपूरले राह्यते म्हना. मधुकरराव म्हना. तुमी त्याचा मानूस. भाडं न्याले येत जा."

सुलोचना भडकलीच. "पाटल्या माह्या, घर आपलं, आन नाव दुसऱ्याचं काऊन?"

"हप्ते फिटू दे. मंग सांगू सगळ्यायले," हरिदास म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

पुढच्याच महिन्यात वासुदेवराव आणि विमलाबाई राहायला आले. आष्टीकडची माणसं, गिरणीत नोकरीला. माणसं सरळ होती, हे मला सांगितलंच पाहिजे. विमलाबाई माझ्या कडीला तेल घालायची, दसऱ्याला तोरण बांधायची. मी सुखावलो होतो. भाडं कधी थकलं नाही.

हरिदास ते न्यायला यायचा, इस्त्रीचा सदरा घालून. मालकाच्या माणसाचं आडनाव त्यांनी पहिल्याच खेपेला विचारून घेतलं होतं. विमलाबाई आतून म्हणायची, "बस हरिदास ओट्यावर." त्याच्यासाठी एक कान तुटलेली कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली होती. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की हरिदास कपबशी स्वतः विसळायचा आणि कोनाड्यात पालथी घालायचा. त्याचा पगार वासुदेवरावांपेक्षा जास्त होता. भाडेकरू आल्यापासून उंबरठा मात्र त्यानं कधी ओलांडला नाही.

"मालकाले सांगजो, कवेलू फुटले. पानी गळून राह्यलं," वासुदेवराव म्हणायचे.

"सांगतो भाऊ."

आठवड्याभरात छपरावरचे कवेलू बदलले जात आणि वासुदेवराव खूश होत. "मधुकरराव देवमानूस हाये! असा मालक भेटत नाई." हरिदास मान हलवायचा. पहिल्या वर्षी त्याचे कान लाल व्हायचे. नंतर व्हायचे थांबले. पुढे पुढे त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. गावातल्या पुष्कळांना खरं ठाऊक होतं. वासुदेवरावांच्या कानावर ते कधी गेलं नाही, की जाऊनही त्यांनी कानाआड केलं, हे मला कळलं नाही. मलाही सगळ्याची सवय होऊन गेली.

कर्ज फिटलं त्या रविवारी सुलोचना त्याच्याबरोबर आली. नवं लुगडं नेसून, ताठ मानेनं. "आज सांगाचं," ती वाटेतच त्याला बजावत होती.

विमलाबाईनं तिच्याकडे बघितलं. "तुही बायको काय, हरिदास? बस वं बाई, ओट्यावर बस." आणि तिच्यासाठी आणखी एक टवका उडालेली कपबशी बाहेर आली.

सुलोचना उभीच राहिली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. हरिदासनं तोंड उघडलं.

"भाडं न्याले आलतो," तो म्हणाला.

परत जाताना पायरीवर ती दबक्या आवाजात म्हणाली, "काऊन नाई बोलले?" तो पायऱ्या उतरत म्हणाला, "बोलाचंच होतं. पन आतून काई आलंच नाई." तिचा चहा ओट्यावर तसाच निवला. त्यानंतर ती कधी आली नाही. मला तिची आठवण येते.

चौऱ्याऐंशीत वासुदेवरावांनी वर्ध्याला स्वतःचं घर बांधलं. सामान ट्रकमध्ये चढलं. विमलाबाईनं दोन्ही खोल्या लख्ख झाडल्या. वासुदेवरावांनी किल्ली हरिदासच्या हातावर वरून सोडली.

"मधुकररावाले आमचा नमस्कार सांगजो. लय चांगला मानूस. एकदा तरी भेटाले पायजे होतं."

"सांगतो भाऊ."

ट्रक वळणाआड गेला. हरिदास पायऱ्या चढून माझ्यासमोर आला. मी सताड उघडा होतो. घर रिकामं, कर्ज फिटलेलं, अडवायला कुणी नाही. त्यानं उंबरठ्यापर्यंत पाय उचलला. मग तो मागे वळला आणि ओट्यावर, नेहमीच्याच जागी जाऊन बसला. किती तरी वेळ बसून राहिला.

मित्रांनो, दारांना रंग द्या, कड्यांना तेल घाला, तोरणं बांधा. आम्हाला ते आवडतं. पण दाराशी माणूस आला तर त्याला आत बोलवा. दहा वर्षं मला एकच शब्द बोलायचा होता, "या." मला तो बोलता येत नाही. तुम्हाला येतो.