अडलंय

मित्रांनो, मी एक जुना रबरी चेंडू आहे, पण मला टप्पा घेता येत नाही. एका अंगाने मी चपटा झालोय आणि दुसऱ्या अंगाला चीर पडली आहे. चेंडू म्हटलं की तुम्हाला मैदान आठवेल. मी मैदान पाहिलेलंच नाही. माझी उमेदीची वर्षं एका ऑफिसात गेली. तिथे माझ्याशी कुणी खेळलं नाही. माझ्या आडून मात्र खेळ झाला.

मी कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा लालभडक होतो. एका बाईंनी मला आपल्या तान्ह्या लेकीसाठी घेतलं. तिला दात येत होते. दिसेल त्याला ती चावायची, आणि मी कायम दिसायचो. तिच्या पहिल्या दोन दातांच्या खुणा माझ्या अंगावर राहिल्या. पुढे लेक शाळेत जाऊ लागली आणि मी कपाटाखाली धूळ खात पडलो.

त्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणत. लिफ्टचं दार कधी उघडायचं, कधी मिटायचं, हे ठरवणारी यंत्रणा तिथे बनत असे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हे ताईंचं काम. असं काम करणाऱ्या माणसाला चहाला कुणी हाक मारत नाही.

एक दिवस त्या ऑफिसात कामाची नवी पद्धत आली. तिचं नाव अजाइल. ती शिकवायला बाहेरून एक गृहस्थ आले. ते बोलायला इतके गोड की दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव 'गुरुजी' पडलं. त्यांनी भिंतीवर तीन रकाने आखले: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहून चिकटवलं. मग खुर्च्या बाजूला सारल्या आणि सांगितलं, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बैठक.

"बैठक आणि उभ्याने?" चष्मिष म्हणाला. दाराचा प्रोग्राम हाच लिहायचा. "मग झोपून काय करायचं, गुरुजी?"

"आजवर जे केलंत तेच," गुरुजी म्हणाले. सगळे हसले, चष्मिषसुद्धा.

गुरुजी म्हणाले, हातात धरायला काहीतरी आणा. ते ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला कपाटाखालून काढलं, धुतलं आणि पिशवीत घालून नेलं. मी हातात आलो की तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि काय अडलंय.

"तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची," गुरुजींनी मला उंच धरून सांगितलं. "अडलं असेल तर बिनधास्त सांगा. चेंडू हातात असताना बोललेलं या वर्तुळाबाहेर जाणार नाही. हा माझा शब्द."

मित्रांनो, पद्धत वाईट नव्हती. मी हातोहात फिरलोय, मला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात चष्मिषने मला दाबत कबूल केलं की चार दिवस एक गोष्ट त्याला कळतच नाहीये. कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत दोघांनी त्याच्याशेजारी बसून ती सोडवली. घामेजलेले तळवे मी कोरडे होताना पाहिले. लोक ताईंना चहाला बोलावू लागले. "ताई, तुमचा चेंडू भारी आहे हं," असं कुणी म्हटलं की मी फुगायचो.

मग ताईंना ती चूक सापडली. घोट्याच्या खाली, जमिनीलगत एखादी मऊ वस्तू आली, तर दार चाळीसात तीनदा मागे येत नव्हतं. यंत्रणेला वाटायचं, दार मिटलंय.

"अडलंय," ताई म्हणाल्या. "मऊ वस्तूला दार दाबतंय. पोराचं पाऊलही मऊच असतं."

चष्मिष म्हणाला, "महिनाभर द्या, करतो." पण साहेबांनी गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली होती. ती चिठ्ठी 'करायचंय'मध्येच राहिली. ताई रोज मला हातात घेत आणि रोज म्हणत, "अडलंय." त्यांची बोटं तेव्हा लेकीच्या दातांच्या खुणांवर असायची.

गुरुजी मान डोलवत आणि आपल्या छोट्या वहीत एक रेघ ओढत. मला वाटायचं, कळकळीने लिहून घेतायत.

वर्षअखेरीला कामाचं मूल्यमापन झालं ते त्याच खोलीत. मी फळीवरच होतो. साहेब, गुरुजी आणि समोर ताई.

साहेबांनी वाचलं, "सात आठवड्यांत एकतीस वेळा कामात अडवणूक."

"अडवणूक?" ताई म्हणाल्या. "मी अडलंय म्हणाले होते, साहेब. अडवलंय नव्हे."

"आकडा गुरुजींच्या वहीतला आहे."

ताईंनी गुरुजींकडे पाहिलं. "वर्तुळाबाहेर जाणार नाही म्हणाला होतात."

"नावानिशी काही गेलंच नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. "फक्त संख्या गेली."

"रोज 'अडलंय' म्हणणारी मी एकटीच होते ना."

गुरुजींनी वही मिटून खिशात घातली. ताईंचं काम काढून घेतलं. जुनी कागदपत्रं लावण्याच्या खोलीत त्यांना बसवायचं ठरलं. त्यांनी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला.

ताई पिशवी भरत असताना चष्मिष मला घेऊन आला. "ताई, चेंडू तुमचा आहे, न्या."

"नको. घरी नेला तर लेक विचारेल, हा तिथे काय करायचा म्हणून. काय सांगू?"

मला राग आला. ताईंवर नाही, स्वतःवर. ज्यांनी मला धुऊन पुसून आणलं, त्यांनाच गळ टाकून बोलतं केलं, आणि त्या गळाला आमिष म्हणून मी होतो. माझ्या लाल रंगाला भुलून त्यांनी विश्वास टाकला. गुरुजींनी त्यांना फसवलं, आणि मला न विचारता त्यात भागीदार केलं.

पुढे मी रोज फिरलो. काल हे केलं, आज ते करणार, काही अडलं नाही. पुढचा हात, काही अडलं नाही. ताईंची चिठ्ठी कुणीतरी उचलून 'झालं'मध्ये लावली. तेव्हा चष्मिष चष्मा पुसत होता. नवी यंत्रणा आधी आमच्याच इमारतीच्या लिफ्टला बसली. साहेबांनी फीत कापली आणि ते चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात जिन्याने गेले. तब्येतीला चांगलं असतं म्हणे. गुरुजीही जिन्यानेच. चष्मिष तर दोनदोन पायऱ्या चढायचा. सगळं ऑफिस धापा टाकत यायचं, वर्तुळात उभं राहायचं आणि म्हणायचं, काही अडलं नाही.

एका सकाळी चष्मिषच्या हातून मी निसटलो. दारातून बाहेर, बोळकांडीतून गडगडत थेट लिफ्टच्या उंबऱ्यावर. दार मिटायला लागलं. मी जमिनीलगत होतो, मऊ होतो. दार मागे आलं नाही. सगळे बघत होते. लेकीच्या दातांच्या खुणेपाशीच मी चिरलो.

लिफ्ट बंद करून त्यांनी मला ओढून काढलं. चष्मिषच्या तळव्याला पुन्हा घाम होता. त्याने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. मित्रांनो, एकच शब्द होता तो.

साहेबांनी मला त्याच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "नवा चेंडू मागवा."

आता मी खणात आहे. वर नवा चेंडू फिरतो, त्याचा आवाज येतो. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाच्या हातात असं काही द्याल आणि म्हणाल, बिनधास्त सांग. द्यायच्या आधी स्वतःला विचारा, ऐकायचंय की मोजायचंय? मोजायचं असेल तर चेंडू घरीच ठेवा. लेकरांना चावायला तरी होईल.