आरशासारखी फरशी

आयुष्यभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, पण फरशीवाल्याच्या स्वतःच्या घरात मात्र उखडलेली, खडबडीत लादी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बायकोने टोमणे मारमारून जीव खाल्ला, तेव्हा कुठे पठ्ठ्याने मनावर घेतलं. गुळगुळीत, चकचकीत फरशी आणली आणि सांधे असे जुळवले की नख अडकायचं नाही.

"अगं बाई, तोंड दिसतंय की हो यात!" बायको म्हणाली. फरशीवाल्याची छाती फुगली.

पण त्यानंतर घराला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. घरचा बोका सुभेदार एका झेपेत खिडकीवर जायचा. आता तो ढुंगण हलवून नेम धरायचा, जोर लावायचा आणि हनुवटीवर आपटायचा. शेवटी बिचाऱ्याने नादच सोडला. बायकोचंही तेच. घरभर भिरभिरणारी बाई खुर्चीला चिकटली.

"गुडघे हो," ती म्हणायची. "वय झालं आता."

"डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर काय वय कमी करणार?"

तो वरवर खेकसायचा, पण आतून पार हादरला होता. ही अंथरुणाला खिळली तर आपलं कसं होणार, हा विचार त्याची पाठ सोडेना.

कामाच्या सवयीने फरशीवाला घरातही रबरी तळाचे बूट घालूनच वावरायचा. एका सकाळी ते धुऊन बाहेर वाळत ठेवले होते. दारावर टकटक झाली म्हणून गडी मोज्यांवरच धावला, आणि धप्पकन उताणा! दारावरचा माणूस वाट बघून निघून गेला, तरी हा उठला नाही.

त्याने फरशीवरून तळवा फिरवला. उडी मारायची तर आधी जमिनीला रेटावं लागतं, आणि जमिनीनेही पाय धरून ठेवावा लागतो. ही कुठली धरतेय? मग त्याची नजर भिंतीवर गेली. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, बायकोच्या हाताच्या उंचीवर, बोटांचे मळकट ठसे होते.

"अगं, तू घसरतेस?"

बायकोने मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी पडले. पण तुम्ही एवढ्या हौसेनं बसवलीत, कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय!"

त्याला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. भिंत धरधरून तो उठला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला.

"अहो, फोडू नका! किती सुंदर झालीय!"

"खड्ड्यात गेली सुंदर. तू पडलीस आणि मला सांगितलं नाहीस!"

पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि खिडकीखाली त्याने चकाकी उखडून खरखरीत दगडी लादी बसवली. सिमेंट वाळेपर्यंत बायकोला आणि बोक्याला पलंगावरून हलू दिलं नाही. दोघांनीही त्याला यथेच्छ बोलून घेतलं.

लादी पक्की झाली त्या दिवशी सुभेदार खिडकीवर पोचला. फरशीवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन, भिंतीपासून चांगली हातभर लांबून, बायको झपाझप चालत आली.

"बघत काय बसलाय? कप घ्या की, हात भाजतोय माझा!"