पाण्यात हात नको

त्या घरात मुलीने कधी भांड्याला हात लावला नाही. आळशी म्हणून नव्हे, हार्प हे माणसाएवढं उभं तारांचं वाद्य वाजवायची म्हणून. नवव्या वर्षी शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की तारा ओढून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, तेच हार्पवाल्याचं भांडवल. पाण्यात भिजून ते मऊ पडले की फोड आलेच म्हणून समजा. बाई बोलून गेल्या, आईने ते गाठीशी बांधून ठेवलं. त्या दिवसापासून धुणीभांडी आईची. मुलगी चाळिशीला टेकली तरी तिचा कप आईच विसळायची. शेजारच्या मावशी चिडवायच्या, राणीसरकारांची आंघोळ तरी स्वतःची स्वतः होते का? आई हसायची, पण हट्ट सोडायची नाही.

आणि एवढं करून पदरात काय पडलं? वीस वर्षं लोकांची लग्नं, हॉटेलांच्या मेजवान्या, नाहीतर कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी दोन दिवस. ऑर्केस्ट्रात हार्पची खुर्ची एकच, आणि तिच्यावर बसलेले म्हातारबुवा काही केल्या उठेनात. शेवटी एकदाचे निवृत्त झाले, तेव्हा इकडे आईने अंथरूण धरलं होतं.

त्या खुर्चीसाठीच्या निवडीच्या दिवशी सकाळी आईला पुसून काढणारी नर्स आलीच नाही. चादर ओली झालेली. मुलीने बादली नळाखाली लावली, तर जिला साधी कूस बदलता येत नव्हती ती आई केवढ्यांदा ओरडली.

"हात घातलास पाण्यात तर बघ! इतकी वर्षं मी काय उगाच भांडी घासली? जा तू. मी थांबते."

ती गेली. उगाच कुणी नावं ठेवू नयेत. त्या माउलीपुढे कुणाचं काय चाललं असतं? आईच्या अंगाखाली कोरडा टॉवेल सरकवला, मावशींना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाली. रस्ताभर जीव घरात अडकलेला. पण वाजवलं असं, की परीक्षकांनी तासाभरात निकाल सांगून टाकला. जागा तिची झाली.

दुपारी ती धापा टाकत घरी आली. आई डोळे मिटून पडली होती. मुलगी उशाशी बसली, आईच्या कपाळावर बोटं टेकवली आणि पहिल्यापासून सगळं सांगत सुटली: मधेच पाय हार्पच्या भलत्याच पेडलवर जाता जाता कसा वाचला, आता भांड्यांना बाईच ठेवायची. आई झोपेतही ऐकतेय असंच तिला वाटलं.

मावशी आल्या. तासापूर्वी डोकावल्या तेव्हा आई बोलली होती म्हणे. त्यांनी गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, ही गार पडलीये. तुला कळलं नाही?"

नाही कळलं. बोटांच्या त्या टोकांना गार-गरम कित्येक वर्षांत कळत नव्हतं. तिने मनगट टेकवलं तेव्हा कळलं. थांबते म्हणालीस ना, थांबते म्हणालीस ना, एवढंच ती रडत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मावशींनी पाणी तापवून आणलं. मी करते, म्हणाल्या, तुझ्या हातांचं तिने मला दहादा बजावलंय. मुलीने त्यांच्याकडून फडकं काढून घेतलं. पाणी कोमट आहे ना, ते कोपर बुडवून पाहिलं. मग दोन्ही हात आत घातले, फडकं पिळलं आणि आईचा चेहरा पुसायला घेतला.