चूलबंद निवतं

मथुराबाईंना लेकीचं, कोकिळेचं लग्न असं करायचं होतं की बऱ्हाणपुरानं नाव घ्यावं. आणि हाताशी होतं ते एवढंच की वऱ्हाड कसंबसं जेवेल. नवऱ्यामागं कलाबत्तूचं, जरीच्या तारेचं दुकान दिराकडे, कडूभाऊजींकडे आलं होतं, आणि भाऊजींनी ते चालवून चालवून बसवलं होतं. त्यात प्लेगचं तिसरं वर्ष. शहर ओस, सगळी पेठ तापीपलीकडे शेतांतून झोपड्या घालून राहिलेली. लग्न पुढं ढकलावं तर गुरूचा अस्त लागत होता, आणि होणाऱ्या व्याह्यांना, निंबोल्याच्या शालिग्राम पाटलांना थांबायची सवय नव्हती.

"साधंच करू, वहिनी," भाऊजी म्हणाले. "प्लेगात कोण नावं ठेवतंय?"

"प्लेग जाईल हो. नावं ठेवणारे राहतील. निंबाला बोलवा. साऱ्या पेठेला चूलबंद निवतं द्यायचंय."

भाऊजींच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. चूलबंद म्हणजे तान्ह्या पोरासकट अख्ख्या घरानं जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. असं निवतं देणारी घरं बऱ्हाणपुरात बोटांवर मोजावी.

"आणि घालणार काय त्यांना?"

"येतंय कोण? मला एक झोपडी दाखवा जिथं माणूस गेलं नाही. सगळे सुतकात. सुतकी माणूस मांडवाखाली पाऊल टाकत नाही. निवतं पोचेल, मान पोचेल, व्याह्यांना कळेल कुठल्या घराशी सोयरीक केली."

"मेलेल्यांच्या जिवावर लग्न गाजवताय, वहिनी."

"जित्या माणसाच्या जिवावर दुकान बुडालं, ते बघा आधी."

भाऊजी उठून गेले.

निंबा न्हावी झोपड्याझोपड्यांतून अक्षता वाटून आला आणि दाराशी बसला. "मावशी, लोक रडले हो. कोणी फिरकत नव्हतं तिकडं. म्हणाले, मथुराबाईंनी याद केली." मथुराबाईंनी त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि पुढचं ऐकलं नाही.

लग्नाच्या दिवशी आमराईत मांडव पडला. निंबोल्यात अजून उंदीर पडला नव्हता, त्यामुळं वऱ्हाडी नाकाला उपरणी लावूनच बसले. सप्तपदी झाली. शालिग्रामांनी रिकाम्या मांडवावरून नजर फिरवली.

"गाव दिसत नाही, विहीणबाई."

"निवतं साऱ्यांना आहे. चूलबंद," मथुराबाई जरा मोठ्यानंच म्हणाल्या, वऱ्हाडातल्या बायकांनाही ऐकू जावं म्हणून. "पण काळच असा. घरोघर सुतकं."

शालिग्रामांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं, हे दिसत होतं. मथुराबाई पानं मांडायला सांगणार, तोच बांधावरून माणसं येताना दिसली.

धुतलेले कपडे, कडेवर पोरं, एकामागं एक. पुरुषांची नुकती मुंडलेली डोकी उन्हात चमकत होती. सगळ्यांत पुढं देवराम सोनार, नातीचं बोट धरून. त्याचे दोन्ही लेक याच आजारात गेलेले, मोठा तर परवाच.

मथुराबाई लगबगीनं मांडवाबाहेर गेल्या. "देवरामदादा, तुम्हाला सुतक आहे ना?"

"सुतक मोजायचं कुणी, बाई? एक फिटत नाही तोवर दुसरं लागतं. तेच धरून बसलो तर मरेस्तोवर कुणाच्या दारी जाता यायचं नाही. पेठेनं ठरवलं, बाईंनी बोलावलंय तर जायचं. सकाळपासून कुणाची चूल पेटलेली नाही. पोरं कधीची विचारताहेत."

मागं रांग वाढतच होती. आचारी हातातला झारा तसाच धरून मथुराबाईंकडे बघत राहिला. अन्न पुरणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्या घरात ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि मथुराबाईंच्या जिभेला ते वळण नव्हतं.

"पुढं येऊ नका," त्या म्हणाल्या. "आमच्यात गाठ निघालीय."

रांग थांबली. बायकांनी पोरं पदराखाली घेतली. कुणी रागावलं नाही, कुणी विचारलं नाही.

"देव बरं करो, बाई," देवराम म्हणाला आणि नातीला घेऊन वळला.

मथुराबाई वळल्या तर शालिग्राम मागंच उभे होते.

"कुणाला गाठ?"

"कुणाला नाही हो. त्यांना परतवायला म्हटलं."

"परतवायला? जेवायला बोलावून?"

"अन्न कमी पडत होतं," मथुराबाई म्हणाल्या.

"साऱ्या पेठेला चूलबंद देणाऱ्या घरात अन्न कमी?" शालिग्राम हसलेसुद्धा नाहीत. "मला शिकवू नका, बाई. आजारी लपवणारी घरं अशीच बोलतात."

कोकिळा सकाळपासून उपाशी होती. धुरानं आणि रडून डोळे लाल, अंग तापलेलं, उभी राहिली तशी झोक गेला. शालिग्रामांनी तेवढंच पाहिलं. मुलाचा शेला त्यांनी तिच्या पदरापासून स्वतः सोडवून घेतला.

"पोर राहू द्या तुमच्याकडे. बरी झाली तर बघू."

वऱ्हाड न जेवता गेलं. भाऊजी पुऱ्या आणि बुंदी घेऊन झोपड्यांकडे गेले, तर लोकांनी लांबूनच हात जोडून त्यांना थांबवलं. त्या घरचं अन्न कोण घेणार?

ऊन उतरायच्या आत प्लेगछावणीची बैलगाडी आली. कुणी कळवलं ते विचारायला नको होतं, निंबोल्याचा रस्ता चौकीवरूनच जात होता.

"तिला काही झालेलं नाही," मथुराबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले होते."

"सब यही बोलते हैं, माई," शिपाई कंटाळून म्हणाला. "डाक्टर सुबह देखेंगे."

सकाळपर्यंत छावणीत, खऱ्या रोग्यांच्या शेजारी. तिथून परत आलेलं माणूस मथुराबाईंच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी शिपायाचे पाय धरले. आजवर त्यांनी कुणाचे धरले नव्हते. त्यानं पाय सोडवून घेतले.

"उठ, आई," कोकिळा म्हणाली. "देवरामकाका वळले तेव्हा हाक मारायची होतीस." आणि हळदीच्या हातांनी गाडीचं दांडकं धरून ती चढली.

मथुराबाई मागोमाग निघाल्या तसा शिपाई आडवा आला. "बीमार के साथ कोई नहीं."

"मलाही आहे," त्या म्हणाल्या.

तो बाजूला झाला. तसं म्हणणाऱ्याला कुणी तपासत नव्हतं. गाडीत आधीच एक बाई निजली होती, कण्हत. कोकिळेनं तिचे पाय जरा सरकवले आणि तोंड पलीकडे फिरवून आईपुरती जागा केली.