लख्ख जाळी

धुण्याच्या यंत्राला जाळी बसवा म्हणून सूनबाईने अख्ख्या इमारतीचं डोकं खाल्लं होतं. कृत्रिम धाग्याचे कपडे धुतले की प्लास्टिकचा बारीक भुगा पाण्याबरोबर नदीत जातो, तिथून शेतात आणि शेवटी आपल्याच पोटात, हे जिन्यात भेटेल त्याला सांगून तिच्या घशाला कोरड पडली. तिचं नावच ‘जाळीवाली’ पडलं. अखेर कटकट नको म्हणून सगळ्यांनी जाळ्या बसवल्या. घरची जाळी साफ करायचं काम तर सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं, तेव्हा तिला अगदी धन्य वाटलं.

आज कचऱ्याची पिशवी बांधताना तिच्या लक्षात आलं, की यात जाळीतला भुगा कधीच दिसत नाही.

“बाबा, जाळीतला गाळ कुठे टाकता हो?”

“टाकतो कशाला? ये, दाखवतो.” सासऱ्यांनी जाळी बेसिनमध्ये धरली, नळ सोडला आणि जुन्या टूथब्रशने खसाखसा घासली. करडा लगदा गरगरत भोकातून खाली गेला. “बघ, कशी आरशासारखी लख्ख!”

तिने कपाळावर हात मारला. “अहो बाबा, तो भुगा अडवायलाच तर जाळी आणली ना! गेला की तो नदीत! नुसता बोटाने काढून कचऱ्यात टाकायचा!”

सासऱ्यांचा चेहरा पडला. “अरेच्चा! मग वरच्यांनाही सांगायला हवं.”

“त्यांचं काय?”

“सगळ्यांना मीच शिकवलंय ना.”

तिने नळ करकचून बंद केला. भिंतीतल्या पाइपातून वरच्या घरांचं पाणी सळसळत खाली जातच होतं.